सुकं चालतंय, शिजलेलं न्हाई

फुकटचं गरम जेवण नको म्हणणारं गाव मी बहात्तरच्या दुष्काळात पाहिलं. आणि तेही कसलं, ज्याच्या पोटात आग पडली होती असलं गाव. आजही कुणाला सांगितलं तर म्हणतात, बाई, तुम्ही तिखटमीठ लावून सांगता. कशाला लावू? मी तिथंच होते, हातात खुळखुळा घेऊन उभी.

मी नगरची, माळीवाड्यातली. मॅट्रिक झाले, बालवाडीचं शिक्षण घेतलं आणि एका संस्थेनं मला पारनेर तालुक्यातल्या एका गावी धाडलं. गावाबाहेर पाझर तलावाचं दुष्काळी काम चाललं होतं. अख्खं गाव तिथंच होतं म्हणा ना. ज्यांच्या घरी चार बैल असायचे तेही, आणि ज्यांना कधी बैल दिसला नाही तेही. बाप्ये खडक फोडायचे, बाया घमेली वाहायच्या, आणि लेकरं उन्हात मातीच्या ढिगाऱ्यांवर लोळायची. त्या लेकरांसाठी टेकाडाच्या पलीकडे ताडपत्रीचं पाल ठोकून आमची बालवाडी निघाली.

बालवाडीच्या दोन तऱ्हा होत्या. एक अर्ध्या दिवसाची. सकाळी मूल सोडायचं, गाणी, गोष्टी, खेळ, आणि दुपारी भाकरीची सुट्टी व्हायच्या आधी मूठभर सुकडी, म्हणजे भाजल्या पिठाचा कोरडा गोड खाऊ, हातावर घेऊन आईकडे परत. दुसरी पूर्ण दिवसाची. तिच्यात दुपारी पंगत बसायची. गव्हाच्या भरड्याची गूळ घातलेली लापशी, पावडरचं दूध, मग झोप, आणि संध्याकाळी काम सुटल्यावर घरी. दोन्हीला दमडी लागत नव्हती. आईनं फक्त सांगायचं होतं, माझ्या मुलाला कुठली.

मला वाटलं, अर्ध्या दिवसाला कुत्रंसुद्धा विचारणार नाही. घरोघरी रेशनचा लाल मिलो, ती परदेशी जाडीभरडी ज्वारी, त्याची भाकरी लेकरांच्या घशाखाली उतरत नव्हती. मी मोठं पातेलं मागवून घेतलं, ताटल्या जास्तीच्या आणवल्या. आणि नावं सांगायला बाया आल्या तेव्हा माझे डोळे पांढरे झाले. बौद्धवस्तीतली लेकरं तेवढी दिवसभरासाठी आली. बाकी सगळ्या गावानं, एकजात सगळ्यांनी, अर्धा दिवस सांगितला.

त्यात पहिली होती राहीबाई.

तिची गोष्टच सांगायला बसले आहे, तेव्हा तिची ओळख नीट करून द्यायला हवी. उंच, काळीसावळी, पंचविशीच्या आतबाहेरची. नवरा सहादेव त्याच कामावर खडक फोडायचा, म्हातारी सासू भागिरथी आणि लग्नाची नणंद घरी. हसायला लागली की टेकाडापलीकडे मला ऐकू यायचं. कुणाचं घमेलं उतरवायचं असलं की आधी हिचा हात. एक बाई अंगात ताप घेऊन कामावर आली होती, तिचा दिवस बुडू नये म्हणून राहीबाईनं दिवसभर तिच्या वाटच्याही पाट्या टाकल्या आणि वर तिलाच दम दिला, की उद्या आलीस तर तंगडं मोडीन. मी गावात नवी, पालातच मुक्काम, तर पहिल्याच संध्याकाळी ही घोंगडी घेऊन हजर. म्हणाली, नगरच्या बायांना आमचं वारं सोसत न्हाई म्हनं. थट्टा करत करत द्यायची, म्हणजे घेणाऱ्याला ओझं वाटू नये. मला ती फार आवडली, हे आधीच सांगते. म्हणूनच पुढचं मला इतकं लागलं.

तिचा एकुलता एक मुलगा गोरक्ष, तीन-साडेतीन वर्षांचा. डोकं मोठं, मान बारीक, पायाच्या नुसत्या काड्या. गाणं म्हणायला उभा केला की दुसऱ्या ओळीला मटकन खाली बसायचा. तालुक्याहून नर्सबाई आल्या होत्या, त्यांनी त्याच्या दंडाला हात लावला आणि राहीबाईला तोंडावर सांगितलं, ह्याला रोज गरम जेवण मिळालं नाही तर पुढचा उन्हाळा हा बघायचा नाही. राहीबाईचा चेहरा उतरला. रात्रभर ती रडली असणार, सकाळी डोळे सुजलेले होते. आणि त्याच दुपारी, पंगत बसायच्या वेळेला, ती गोरक्षाला उचलून घेऊन गेली.

मी तिला अडवलं. अगं, इथंच लापशी शिजतेय, वास येतोय तुला, आणि पोराला घेऊन निघालीस कुठं? ती म्हणाली, त्याला माझ्याबिगर करमत न्हाई. दुसरी म्हणाली, आमच्याला दुपारी सपाट जमिनीवर झोप लागत नाही. तिसरी, मुक्ताबाई नावाची, म्हणाली, गोडानं पोट बिघडतं. मी खुळी, सगळं खरं धरलं. नगरला निरोप धाडून झोपायला गोणपाटाच्या गाद्या आणवल्या. गोड नको तर नको म्हणून एक दिवस तिखट लापशी करवली. ताडपत्रीला झोळीसुद्धा टांगली. बाया कौतुकानं बघायच्या, बाई लई करत्यात म्हणायच्या, आणि लेकरू उचलून चालायला लागायच्या.

लापशी शिजवायला होती छबूबाई. बौद्धवस्तीतली, पन्नाशीला आलेली, बुटकी, कमी बोलणारी. लापशी बुडाला लागू द्यायची नाही आणि कुणाच्या ताटलीत डावभर कमी पडू द्यायची नाही. सुकडीही तीच वाटायची. आणि गंमत बघा, सुकडी घ्यायला मात्र सगळं गाव रांगेत उभं. छबूबाईच्या ओंजळीतून लेकरांच्या ओंजळीत सुकडी पडायची, आया पदरात बांधून न्यायच्या, कुणाची काही तक्रार नाही. त्यामुळं माझ्या डोक्यात जे यायला हवं होतं ते येईचना.

शेवटी मी राहीबाईला एकटीला गाठलं. आज खरं सांगितल्याशिवाय तुला सोडत नाही म्हटलं. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मीच बालवाडीतली. मग हसली आणि म्हणाली, "बाई, तुमी नगरच्या, तुमाला कोन सांगनार? छबूच्या हातचं सुकं चालतंय, शिजलेलं न्हाई."

तिनं हे असं सांगितलं, जसं मिठाची बरणी कोरडी ठेवायची असते हे सांगावं. लाज नाही, राग नाही, छबूबाईविषयी वाकडा शब्द नाही.  नगरला हे नव्हतं असं मी म्हणत नाही, सगळीकडे होतं. पण पोर डोळ्यांदेखत वाळत असताना? नर्सबाईनं तसं सांगितल्यावर? मी तिला नाही नाही ते बोलले. तुला लाज कशी वाटत नाही म्हटलं, घोंगडी घेऊन जा तुझी म्हटलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात सांगितलं, की सासूनं तिला सूर्याकडं हात करून शपथ घातली आहे. नणंदेची सोयरीक ठरली आहे, राहीच्या पोरानं तिथं खाल्लं असं भावकीत फुटलं तर ती मोडेल. मलाच का कळवळा न्हाई बाई, म्हणाली, माजंच प्वार हाय ना.

गावच्या पंचांतले काकासाहेब दुसऱ्या दिवशी पालात आले. त्यांनी गोड बोलून सुचवलं, की छबूला घमेल्यावर घ्या आणि चुलीवर आमच्यातली एखादी बसवा, सगळं सुरळीत होईल. मी म्हटलं, ती चुलीवर राहील नाही तर चूलच राहणार नाही. ते तोंड वाकडं करून गेले. मी छबूबाईला यातलं काही सांगितलं नाही. तिला सांगायची गरजच नव्हती, तिचा जन्म त्याच गावात गेला होता.

मग तो दिवस उजाडला.

तलावाच्या सांडव्याला खडक लागला होता. तो फोडायला सुरुंग लावायचे, आणि ते दुपारी, माणसं भाकरीला बसली म्हणजे. मुकादम रंभाजी लाल फडकं हलवायचा, शिट्टी मारायचा, की सगळ्यांनी बांधाच्या आडोशाला जायचं. अर्ध्या दिवसाची लेकरं नेमकी त्याच वेळी कामावर मोकळी असायची. त्या दिवशी मी स्वतःच त्यांना हाताला धरून आयांकडे पोचवलं आणि रंभाजीशी पाण्याच्या टँकरवरून भांडत उभी राहिले. पंगतीचं छबूबाई बघत होती. फडकं हललं. शिट्टी झाली. सगळे बांधाआड पळाले, मीही पळाले. आणि राहीबाईनं विचारलं, गोरक्ष कुठाय?

जो तो दुसऱ्याकडं बघायला लागला. आत्ता तर हिथं होता. मातीत खेळत होता. सांडव्याच्या अंगाला जाताना दिसला, असं कुणीतरी बोललं, आणि राहीबाई उठलीच. सहादेवनं तिला कमरेला मिठी मारून खाली पाडलं. वात पेटली होती, रंभाजीच्याही हातात काही उरलं नव्हतं. ती मातीत तोंड घासत होती, नवऱ्याचा हात चावत होती. मी तिचे पाय धरून बसले होते. तिचे पाय माझ्या हातात थाडथाड उडत होते, ते मला अजून आठवतं. मग सुरुंग उडाले. एक, दोन, कितीतरी. जमीन हादरली आणि बांधावरून धोंडे गडगडले.

धुराळा खाली बसायच्या आधी ती सांडव्यात उतरली होती. हातानं दगड उचलून फेकत होती. पुरुषांना हलणार नाहीत असले दगड. नखं फुटली, तिला पत्ता नाही. नुसता घशातून आवाज येत होता. मीही वेड्यासारखी दगड उपसायला लागले. माझ्या मनात एकच, की सापडू नये, देवा, इथं काही सापडू नये.

तेवढ्यात पलीकडून एक बाई ओरडत आली. पोरगं पालात आहे, पंगतीला बसलंय.

राहीबाई टेकाड कशी चढली ते तिचं तिला माहीत. मी मागे धापा टाकत. पालात लेकरांची ओळ बसलेली, आणि ओळीच्या शेवटी गोरक्ष. समोर ताटली. दोन्ही हातांना लापशी, गालाला लापशी, गाल फुगलेले. सुरुंगाच्या आवाजानं दचकला असेल, पण खायचा थांबला नव्हता. वासावर एकटाच चालत परत आला होता, येऊन बसला होता, आणि छबूबाईनं वाढलं होतं. त्यामुळंच तो जिवंत होता. मला रडूच फुटलं. मागून बाया जमल्या, त्याही डोळे पुसायला लागल्या.

राहीबाईनं धावत जाऊन त्याला उचललं. छातीशी धरलं, डोकं चाचपलं, पाय चाचपले. आणि मग तिची नजर त्याच्या तोंडाकडे गेली.

तिनं त्याचा जबडा दाबला आणि बोट घालून तोंडातला घास बाहेर काढला.

सगळ्यांसमोर. आत्ता, घडीभरापूर्वी ज्या हाताच्या नखांतून त्याच्यासाठी रक्त आलं होतं, त्याच हातानं. मला खरंच वाटेना. मी रडता रडता तशीच राहिले. पोरगं किंचाळलं. घासासाठी. तिच्या बोटाकडे तोंड नेत होतं आणि ती बोट लांब धरत होती.  मागच्या बायांत वाईट झालं असंसुद्धा कुणी म्हणालं नाही, आणि ते मला जास्त लागलं.

छबूबाई डाव घेऊन उभी होती. तिनं डाव पातेल्यात ठेवला. पदराला हात पुसले. ती त्या गावची सुईण होती, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. बोलली तीही काही मोठ्यानं नाही.

"राहीबाई, ह्यो जलमला तवा रडत नव्हता. निळा पडला हुता. ह्याच्या नरड्यातला चिकटा मी ह्या बोटानं काढला, तवा ह्यानं श्वास घेतला. तवा तुमी म्हनाला न्हाई, छबू, त्वांडात बोट घालू नगंस म्हनून."

राहीबाईनं आपल्या बोटाकडे पाहिलं. घास तसाच होता, ओला, तिच्या रक्तानं थोडा लाल झालेला.   मग तिनं पदराच्या टोकानं घासाला लागलेलं रक्त टिपलं, आणि तोच घास पोराच्या तोंडात परत घातला. पोरगं गप्प झालं.

ती त्याला घेऊन ओळीत खाली बसली, त्याची ताटली ओढली आणि एकेक घास भरवून ती निपटून काढली. उठताना मला म्हणाली, बाई, ह्याचं नाव दिसभरात घाला. सहादेव पालाच्या तोंडाशी उभा होता. त्यानं ऐकलं आणि मान खाली घातली.

घरी काय झालं ते मला तिनंच सांगितलं, आणि ते हसत सांगितलं, ही तिची रीत. सासूनं तिची आणि गोरक्षाची भाकरी ओसरीवर काढली. चुलीला शिवायचं नाही, हंड्याला शिवायचं नाही. नणंदेची सोयरीक मात्र मोडली नाही. पाहुण्यांच्या गावीही दुष्काळच होता, त्यांना ह्या चौकशा करायला वेळ कुठला. पण भागिरथीबाई काही नमल्या नाहीत. टँकर तीन-तीन दिवस यायचा नाही, प्यायला घोट मिळायची मारामार, आणि म्हातारी संध्याकाळी पोराला तांब्याभर पाण्यानं अंघोळ घातल्याशिवाय ओसरीवरही चढू देत नव्हती.  राहीबाई म्हणाली, पोरगं निर्मळ ऱ्हातंय, तेवढंच बरं.

आता ती रोज भाकरीच्या सुट्टीत पालात यायची. आपली मिलोची भाकरी बाहेर बसून खायची आणि मग छबूबाईच्या हाताखाली ताटल्या मांडायची. नुसतं उभं राहणं तिच्या अंगात नव्हतं. एक दिवस छबूबाईचा हात भाजला होता, तर हिनं डाव घेतला, लापशी ढवळून उतरवली आणि सगळ्या ओळीला वाढलं. पुढं आठवडाभर तिनंच वाढलं.

आणि मग एका सकाळी माझ्या पालासमोर बायांची गर्दी. सगळ्या अर्ध्या दिवसाच्या आया. आमच्याबी लेकराला दिसभर घाला बाई, आमच्याबी. मला तर आभाळ ठेंगणं झालं. राहीबाईनं करून दाखवलं, गावाचे डोळे उघडले, असं मनात म्हणत मी सगळ्यांची नावं घातली. पातेलं काठोकाठ भरून शिजायला ठेवलं. काकासाहेबांचा नातूसुद्धा येऊन बसला, मग काय.

दुपारी मुक्ताबाई तिच्या पोरीला ओळीत बसवताना शेजारणीला सांगत होती, ते माझ्या कानावर पडलं. आता राही ढवळती नि वाढती. हात आपल्यातला हाय, मग काय अडतंय? छबू काय, लाकडं सारती नि भांडी घासती.

मी मान वळवून पाहिलं. छबूबाई खरंच पालाच्या मागच्या अंगाला, उन्हात, ताटल्या राखेनं घासत बसली होती. हात कधीच बरा झाला होता. तिला कुणी तिकडे जा म्हणून सांगितलं नव्हतं. आम्हा सगळ्यांच्या देखत ती तिथं गेली होती आणि माझ्या, एवढ्या तोंडाळ बाईच्या, लक्षातही आलं नव्हतं. काकासाहेबांना जे हवं होतं ते आपोआप झालं होतं. 

राहीबाईनंही ते ऐकलं. तिच्या हातात डाव होता, तो पातेल्यातच राहिला. मी तिच्याजवळ गेले. आणि काय सांगितलं माहीत आहे? मी तिला सांगितलं, वाढ. तू वाढत राहा. एवढी लेकरं बसली आहेत, ओठ चाटताहेत, तू डाव ठेवलास तर ह्या बाया त्यांना उचलून नेतील. छबूबाईचं मी मागून बघते, आज वाढ. मला त्या वाळलेल्या मानांपलीकडं काही दिसत नव्हतं. खरंच, तिच्या जागी मी असते तर वाढलं असतं.

राहीबाई म्हणाली, "बाई, ज्या हातानं घास काढला त्यो हात ह्यांना चालतोय. आन ज्या हातानं जीव घातला त्यो चालत न्हाई. मी न्हाई वाढनार."

ती पालाच्या मागं गेली. छबूबाईसमोर उकिडवी बसली, तिच्या हातातली राखेची ताटली काढून घेतली. गावच्या तोंडाला सवय होती ती नुसत्या छबूची, अगं छबू, ए छबू. राहीबाई म्हणाली, "छबूबाई, उठा. लेकरं बसल्यात. तुमी वाढा."

छबूबाई उठेना. नको म्हणाली, चाललंय ते बरं चाललंय, लेकरं जेवत्यात ना. राहीबाईनं तिचे हात धुतले. प्यायच्या पाण्यानं धुतले, बघा, त्या दुष्काळात. आणि तिला हाताला धरून पातेल्यापाशी आणली.

छबूबाईनं डाव घेतला तसे ओळीमागे उभ्या असलेल्या आयांचे चेहरे बदलले. मुक्ताबाईनं पोरीला दंडाला धरून उभी केली आणि घेऊन गेली. तिच्या पाठोपाठ आणखी एक-दोघी गेल्या. काकासाहेबांचा नातूही गेला, त्याला न्यायला गडी आला होता. मी कपाळाला हात लावला. झालं, म्हटलं, गेली सगळी.

पण छबूबाईचा हात भारी चपळ. तिनं गोरक्षापासून सुरुवात केली आणि बाया काय करावं ते ठरवत होत्या तोवर पुढची सगळी ओळ वाढून झाली. लेकरं कशाला थांबतात? लापशी ताटलीत पडली की मूठ तोंडात. बाया पुढं सरसावल्या तेव्हा एकूणएक तोंड भरलेलं होतं.

त्या थबकल्या. राहीबाई गोरक्षाच्या मागं उभी होती. कुणाला अडवत नव्हती. आता लेकरू न्यायचं तर तिनं केलं होतं तेच करायला हवं होतं. जबडा दाबून, बोट घालून. आणि ते कसं दिसतं, हे त्या सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

एक बाई वाकली. तिनं आपल्या पोराच्या तोंडापर्यंत हात नेला. पोरानं वर बघितलं आणि घाईघाईनं घास गिळला. बाईनं हात मागं घेतला, तिथंच खाली बसली आणि दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले. बाकीच्या तशाच उभ्या होत्या. पालात लेकरांच्या जेवणाचा तेवढा आवाज येत होता.